ओस पडलेल्या शॉपिंग सेंटरच्या जागी घरं: अमेरिकी उपनगरात सरकारी पैसा उभा करताना

अमेरिकेतल्या जुन्या उपनगरांत हे दृश्य ठरलेलं असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं एल आकाराचं शॉपिंग सेंटर, समोर आठ-दहा एकर डांबर, कोपऱ्यावरचं मोठं दुकान केव्हाच बंद. उरलेल्या गाळ्यांत नेल सलून, टॅक्स भरून देणारा, एक लॉन्ड्री आणि बऱ्याचदा आपलं इंडियन ग्रोसरी. दोन-चार मित्रांनी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून अशा सेंटरमध्ये पैसे घातलेत, भाडं दरवर्षी घसरतंय आणि कुणीतरी म्हणतं, 'पाडून अपार्टमेंट बांधू, सिटी पैसे देते.' सिटी पैसे देते हे खरं आहे. पण कधी, कशासाठी आणि किती, हे माहीत नसल्यामुळे बरीच प्रकरणं वर्षानुवर्षं लोंबकळत राहतात.

मी ही प्रकरणं नगरपालिकेच्या टेबलाच्या बाजूने बघत आलो आहे. मालक पहिल्या भेटीला आर्किटेक्टचं रंगीत चित्र घेऊन येतात. चित्रात झाडं, कारंजं, सायकलवाली मुलगी सगळं असतं. भाडेकरार नसतात, मातीचा अहवाल नसतो आणि आकडा विचारला की 'तुम्हीच सांगा किती देता' असं उत्तर येतं. सरकारी पैसा हा या इमारतीचा शेवटचा थर आहे. बाकीचे सगळे थर लावून झाल्यावर जेवढा खड्डा उरतो तेवढ्यापुरताच तो मिळतो, आणि खड्डा मोजून दाखवायचं काम तुमचं. पुढचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे. कायदे राज्यागणिक बदलतात, त्यामुळे वकील तिथलाच धरा.

सुरुवात भाडेकरारांपासून

सेंटरची जमीन तुमच्या नावावर आहे म्हणजे ती तुमच्या हातात आहे असं नाही. टायटल कंपनीकडून, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या नोंदी तपासणाऱ्या कंपनीकडून, नोंदलेला प्रत्येक कागद मागवा. पहिला शोधायचा तो रेसिप्रोकल ईझमेंट अ‍ॅग्रीमेंट. सेंटर बांधलं गेलं तेव्हा मोठ्या दुकानाने आणि मूळ मालकाने केलेला हा करार. पार्किंग सगळ्यांचं सामायिक, दर हजार चौरस फुटांमागे पाच गाड्यांची जागा कायम ठेवायची, अमुक पट्ट्यात काहीही बांधायचं नाही, असल्या अटी त्यात असतात. मोठं दुकान बंद पडलं तरी करार जिवंत राहतो. रस्त्यालगतचे तुकडे, म्हणजे बँक किंवा बर्गरवाला, बहुधा वेगळ्या मालकीचे असतात आणि याच कराराखाली त्यांना नकाराधिकार असू शकतो.

मग प्रत्येक गाळ्याचा भाडेकरार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. दलालाने केलेल्या एकपानी सारांशावर विसंबू नका. प्रत्येक गाळ्यासमोर एवढं लिहून काढा: उरलेली मुदत, मुदत वाढवून घेण्याचे हक्क, पाडकामासाठी करार संपवण्याचं कलम आहे का, दुसऱ्या गाळ्यात हलवता येतं का, आणि 'माझ्यासारखं दुसरं दुकान इथे नको' ही अट आहे का. मुदत वाढवण्याच्या हक्कांपाशी लोक हमखास फसतात. एखाद्या डॉलर स्टोअरची ५ वर्षं उरलेली दिसतात, पण ५-५ वर्षांचे तीन हक्क त्याच्या हातात असतात. तुमच्या हिशेबात ती २० वर्षं धरायची. को-टेनन्सीचं कलमही शोधा: मोठं दुकान बंद झालं की बाकीच्यांना भाडं कमी करून मिळतं किंवा सोडून जाता येतं. एरवी हे कलम मालकाच्या जिवावर येतं, पण पाडायचं असेल तेव्हा तेच उपयोगी पडतं.

बंद मोठ्या दुकानाच्या जागेवर कधीकधी आणखी एक गोम असते. जाता जाता त्या कंपनीने 'इथे किराणा दुकान काढायचं नाही' अशी अट जमिनीच्या कागदावर नोंदवून ठेवलेली असते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला जागा मिळू नये. तुमच्या नव्या आराखड्यात तळमजल्याला किराणा दुकान रेखाटलं असेल तर ते तिथेच खोडलं गेलं.

मुंबई-पुण्यातल्या जुन्या शॉपिंग सेंटरांशी तुलना करणाऱ्यांसाठी: तिथे गाळे बहुधा विकलेले असतात, म्हणून पहिली लढाई गाळामालकांच्या संमतीची. इथे गाळे भाड्याचे, म्हणून पहिली लढाई मुदतीची. तिथला अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका.

या टप्प्याला चार-सहा महिने आणि वकिलाचे बरे पैसे जातात. पण सगळे करार एका तारखेला संपतील अशी व्यवस्था करणं हेच निम्मं काम आहे. नवीन भाडेकरू आला तर पाडकामाच्या कलमाशिवाय सही करू नका, भाडं थोडं कमी मिळालं तरी चालेल.

जमिनीखाली काय आहे

जुन्या सेंटरमध्ये तीन गोष्टी हटकून तपासायच्या: ड्रायक्लीनर होता का, पेट्रोल पंप किंवा टायर-ऑइलचं गॅरेज होतं का, आणि छत-फरशीत अ‍ॅस्बेस्टॉस आहे का. यांत ड्रायक्लीनर सगळ्यात वाईट. पर्क नावाचं द्रावण फरशीच्या भेगांतून खाली उतरतं, भूजलात पसरतं आणि त्याची वाफ वरच्या खोल्यांत येते. दुकान असताना कुणी विचारत नाही. वर माणसं झोपणार म्हटलं की निकष एकदम कडक होतात.

फेज वन पर्यावरण तपासणी जागा विकत घेण्याआधी करायची असते. आधीच्या मालकाने केलेल्या प्रदूषणाची जबाबदारी नव्या खरेदीदारावर येऊ नये यासाठी संघीय कायद्यात जे संरक्षण आहे, ते या तपासणीवर अवलंबून आहे. तिचे महत्त्वाचे भाग खरेदीच्या आधी १८० दिवसांच्या आत केलेले किंवा ताजे केलेले असावे लागतात. व्यवहार लांबला तर ती पुन्हा करून घ्या, हजार-दोन हजार डॉलर वाचवू नका. संघीय ब्राऊनफील्ड (प्रदूषित जुन्या जागांसाठीचं) अनुदान खासगी मालकाला थेट मिळत नाही. ते सिटी, काउंटी किंवा ना-नफा संस्थेमार्फत येतं, म्हणून सिटीला या टप्प्यापासूनच सोबत घ्यावं लागतं.

दुसरी तपासणी सांडपाण्याची. शॉपिंग सेंटरचं सांडपाणी मोजकंच असतं, तेवढ्याच जागेवर दोन-अडीचशे घरं आली की ते कितीतरी पटींनी वाढतं. खालच्या रस्त्यावरची जुनी पाइपलाइन ते झेलते का, पंपिंग स्टेशन बदलावं लागतं का, हे सिटी इंजिनिअरला एका पत्राने विचारता येतं. हे पत्र लिहायला पैसे लागत नाहीत, तरी ते फार थोडे लोक लिहितात.

किती दुकानं ठेवायची

कमी. तुम्हाला वाटतं त्याहूनही कमी.

सेंटर बंद पडलं ते त्या भागात दुकानांची जागा गरजेपेक्षा जास्त होती म्हणून. तिथेच नव्या इमारतींच्या तळमजल्याला सगळीकडे दुकानं काढली तर तोच आजार नव्या काचेमागे सुरू होतो. सिटीच्या नियमात 'तळमजल्यावर दुकानं हवीतच' असं असेल तर आधी तो नियम बदलून घ्यायला भांडा. चौकाच्या कोपऱ्यावर, बसथांब्यापाशी, चालणाऱ्यांच्या नजरेत येईल अशी थोडी दुकानं ठेवा. बाकी तळमजल्यावर थेट रस्त्यावर दार उघडणारी घरं. चालू असलेलं किराणा दुकान मात्र हातचं जाऊ देऊ नका. वरच्या घरांचं भाडं त्याच्यामुळे वाढतं.

कोलोरॅडोतली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. डेन्व्हरजवळ लेकवूडमध्ये व्हिला इटालिया हा मॉल १९६६ साली उघडला आणि २००१ मध्ये बंद झाला. त्याच्या सुमारे १०४ एकर जागेवर बेलमार उभं राहिलं, पहिला टप्पा २००४ मध्ये खुला झाला. तिथे मॉलची जागा मोडून पुन्हा शहरी रस्त्यांची चौकट आखली, घरं, कार्यालयं, दुकानं टप्प्याटप्प्याने आली. रस्ते आणि पार्किंग यांसाठी वाढीव करातला हिस्सा (त्याचं गणित पुढे येतं) आणि दुकानांतल्या विक्रीवरचं सार्वजनिक सुधारणा शुल्क असा पैसा वापरला. ड्रायक्लीनर आणि गॅरेजांनी सोडलेलं प्रदूषणही तिथे निस्तरावं लागलं होतं.

इंगलवूडमध्ये सिंड्रेला सिटी हा १९६८ चा मॉल. तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाडला. २००० साली लाइट रेलचं स्टेशन आलं आणि सिटी हॉल व वाचनालय मॉलमधल्याच एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत हलवलं. घरं झाली आणि ती भरली. मात्र दुकानांच्या भागाला तशी बरकत आली नाही. एक मोठा तुकडा पारंपरिक पार्किंगवाल्या बाजारासारखाच राहिला होता. माझ्या मते या जोडीतला धडा रेल्वेचा नसून रस्त्यांचा आहे: बेलमारमध्ये पार्किंगचं मैदान मोडून चालता येतील असे चौक झाले, इंगलवूडमध्ये ते अर्धंमुर्धं झालं.

खड्डा मोजा

आता आकडे. हे उदाहरण कल्पित आहे, पण प्रमाणं रोज टेबलावर येतात तशीच.

समजा २४० भाड्याची घरं आणि २०,००० चौरस फूट दुकानं. खर्च असा: जमीन ७० लाख डॉलर, पाडकाम, सफाई, रस्ते, गटारं ५० लाख, घरं प्रत्येकी २.३ लाख प्रमाणे ५.५२ कोटी, दुकानं ५० लाख. एकूण ७.२२ कोटी डॉलर.

उत्पन्न: घराला सरासरी महिना २,१५० डॉलर भाडं, म्हणजे वर्षाला ६१.९ लाख. त्यातून ६ टक्के रिकामी घरं वजा करून ५८.२ लाख. देखभाल, विमा, व्यवस्थापन आणि मालमत्ता कर मिळून घरामागे ८,५०० डॉलर धरले तर २०.४ लाख जातात, उरतात ३७.८ लाख. दुकानांचं भाडं चौरस फुटाला २२ डॉलर, त्यातले १५ टक्के रिकामे गाळे वजा जाता ३.७ लाख. एकूण निव्वळ उत्पन्न साधारण ४१.५ लाख.

गुंतवणूकदार आणि बँक या जोखमीला खर्चावर ६.५ टक्के परतावा मागत असतील, तर ४१.५ लाखांच्या उत्पन्नावर फक्त ६.३९ कोटींचा खर्च पेलतो. खर्च आहे ७.२२ कोटी. खड्डा ८३ लाख डॉलर.

हा एकच आकडा घेऊन सिटीकडे जायचं असतं. त्याच्या मागची प्रत्येक ओळ सिटीचा सल्लागार उलटी-पालटी करून तपासणार आहे. डेव्हलपरची फी फुगवलेली आहे का, जमिनीची किंमत तुमच्याच दुसऱ्या एलएलसीकडून चढी लावली आहे का, भाडं मुद्दाम कमी दाखवलंय का, ही पहिली तीन ठिकाणं. जमिनीच्या किमतीत सगळ्यात जास्त पाणी असतं. सेंटर २०१० साली काय भावाने घेतलं हा तुमचा प्रश्न. आज रिकाम्या गाळ्यांसकट त्याची किंमत किती हा सिटीचा. मालकाने इथे हट्ट सोडला तर अर्धी चर्चा तिथेच संपते.

टिफचं गणित आणि त्यातला वेळ

टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, रोजच्या बोलण्यात टिफ. जागा 'टिफ जिल्हा' म्हणून ठरवायची आणि तिचं आजचं करपात्र मूल्य गोठवायचं. बांधकामानंतर मूल्य वाढलं की वाढीव मूल्यावरचा मालमत्ता कर ठरावीक वर्षं या प्रकल्पाच्याच खर्चासाठी वळवायचा. गोठवलेल्या मूल्यावरचा कर शाळा, काउंटी, सिटी यांना पूर्वीसारखाच जातो. ही पद्धत कॅलिफोर्नियात १९५२ साली सुरू झाली, आणि त्याच कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये आपल्या पुनर्विकास संस्था मोडीत काढल्या. आता तिथे वेगळ्या नावाचे, कमी ताकदीचे जिल्हे आहेत. बाकीच्या बहुतेक राज्यांत टिफ जोरात चालतं. मुदत मात्र वेगवेगळी: इलिनॉयमध्ये सर्वसाधारण २३ वर्षं, विस्कॉन्सिनमध्ये मिश्र वापराच्या जिल्ह्याला २०.

आपल्या उदाहरणात आजचं करपात्र मूल्य ६० लाख, पूर्ण झाल्यावर ६.४ कोटी. वाढ ५.८ कोटी. सगळ्या करांचा मिळून दर १.६ टक्के धरला तर वर्षाला ९.२८ लाख. सिटी प्रशासन खर्चाला १० टक्के ठेवून घेते, उरतात ८.३५ लाख. मुदत २० वर्षं, व्याज ६.५ टक्के. आजच्या किमतीत हे साधारण ९२ लाख डॉलर होतात. खड्डा ८३ लाखांचा, म्हणजे भागलं असं वाटतं.

भागत नाही. जिल्हा स्थापन झाला त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. पाडकामाला एक वर्ष, बांधकामाला दीड-दोन वर्षं, मग मूल्यांकन, आणि त्या मूल्यांकनावरचा कर बऱ्याच ठिकाणी पुढच्या वर्षी हातात येतो. पहिली तीन वर्षं कोरडी गेली तर वसुलीची १७ वर्षंच उरतात, आणि तीही तीन वर्षं उशिरा. त्याच ८.३५ लाखांची आजची किंमत आता ७० लाखांच्या आसपास येते. केवळ वेळेमुळे २२ लाख डॉलर गेले, एक वीटही न बदलता. म्हणून जिल्हा कधी 'प्रमाणित' करायचा ही तारीख वकिलावर सोडून देऊ नका. कर्ज आणि परवाने हाताशी आल्यावरच ती लावून घ्या. पहिली वसुली आल्यापासून मुदत मोजायची सोय ज्या राज्यांत आहे तिथे ती मागा.

पैसा दोन प्रकारे मिळतो. एक, सिटी रोखे काढून आधीच पैसे देते. दोन, सिटी फक्त एक नोट लिहून देते: कर जमेल तसा तुम्हाला देऊ, नाही जमला तर आमची जबाबदारी नाही. आजकाल बहुतेक सिट्या दुसराच मार्ग धरतात, आणि करदात्याच्या बाजूने बघितलं तर त्यांचं बरोबर आहे. त्या नोटवर तुम्हाला बँकेकडून कर्ज काढावं लागतं, आणि बँक पूर्ण रकमेवर देत नाही. एक डॉलरच्या हप्त्यामागे सव्वा डॉलरची वसुली दिसली पाहिजे असं बँक म्हणते. म्हणजे ७० लाखांवर प्रत्यक्ष हातात ५६ लाखांच्या आसपास.

आणि इमारत पाडायची घाई करू नका. टिफसाठी जागा 'मोडकळीला आलेली' आहे असा निष्कर्ष लागतो, आणि तो काढायला सल्लागाराला उभी इमारत बघावी लागते: गळकं छत, निकामी स्प्रिंकलर, नियमात न बसणारे जिने. आधी पाडून मोकळी झालेली जागा काही राज्यांत त्या व्याख्येतच बसत नाही. जिल्हा स्थापन होण्याआधी केलेला खर्चही बहुधा परत मिळत नाही.

बाकीचे थर

टिफने ५६ ते ७० लाख आले, खड्डा ८३ लाखांचा. उरलेल्यासाठी आधी खर्चाकडे बघा. दुकानांची जागा निम्मी केली तर काय होतं? वाहनतळ इमारतीखाली न घेता मागे मोकळ्यावर ठेवला तर? यातून जे सुटतं ते सगळ्यात स्वस्त अनुदान.

मग घरं परवडणारी करण्याचा मार्ग. लो-इन्कम हाउसिंग टॅक्स क्रेडिट हा अमेरिकेतला या कामाचा सगळ्यात मोठा संघीय स्रोत आहे. राज्याची गृहनिर्माण संस्था क्रेडिट, म्हणजे करातली थेट सूट, वाटते, ती दहा वर्षं मिळतात. डेव्हलपर ती बँकांसारख्या गुंतवणूकदारांना आधीच विकून भांडवल उभं करतो. त्या बदल्यात घरं किमान ३० वर्षं ठरावीक उत्पन्नगटाला बांधील राहतात. क्रेडिट दोन प्रकारची. नऊ टक्केवाल्यांसाठी राज्यभर चुरस असते. चार टक्केवाली क्रेडिट करमुक्त रोख्यांसोबत येतात. पूर्वी खर्चाचा किमान ५० टक्के भाग अशा रोख्यांतून यावा लागे, २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून ही अट २५ टक्क्यांवर आणली. त्यामुळे मर्यादित रोख्यांत जास्त प्रकल्प बसतील. दुकानांच्या खर्चावर ही क्रेडिट मिळत नाहीत, म्हणून दुकानांचा मजला कागदोपत्री वेगळा युनिट करावा लागतो.

नवख्या मालकाने हे स्वतः करायच्या भानगडीत पडू नये. सोपा मार्ग असा: जागेचे दोन-तीन तुकडे करा, त्यातला एक अनुभवी ना-नफा गृहनिर्माण संस्थेला द्या. त्या तुकड्यावर ती ५०-६० परवडणारी घरं तिच्या क्रेडिटवर बांधेल. तुम्हाला जमिनीचे पैसे मिळतात, रस्त्या-गटारांचा खर्च वाटला जातो आणि सिटी कौन्सिलला टिफच्या बाजूने मत द्यायला कारण मिळतं.

बाजारभावाच्या घरांसाठी संघीय हमीचं २२१(डी)(४) कर्ज बघण्यासारखं आहे. बांधकामाचा काळ संपल्यावर ४० वर्षं फेड, व्याज ठरलेलं, मालकाच्या घरादारावर हक्क नाही. पण मंजुरीला वेळ लागतो, दुकानांच्या प्रमाणावर मर्यादा आहे, आणि कामगारांना डेव्हिस-बेकन कायद्याची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली, मजुरी द्यावी लागते.

ही मजुरीची अट जपून वाचा. संघीय पैशाच्या छोट्याशा अनुदानाने अख्ख्या बांधकामाची मजुरी वाढू शकते. होम या संघीय निधीतून १२ किंवा त्याहून जास्त घरं धरली की ती अट लागू होते, म्हणून मुद्दाम ११ घरं धरणारे प्रकल्प दिसतात. त्यात लबाडी काही नाही, आकडेमोड आहे. संघीय पैशाची दुसरी अट याहून घातक: अर्ज केल्यावर पर्यावरणीय पुनरावलोकन पूर्ण होईपर्यंत जागा घ्यायची नाही, पाडायची नाही, बांधकामाचं कंत्राट करायचं नाही. या काळात एखादी भिंत पाडली तरी अनुदान हातचं जाऊ शकतं. कंत्राटदाराला हे लेखी कळवा.

करमुक्त रोखे वापरणार असाल तर आणखी एक तारीख: रोख्यांच्या पैशातून परत मिळावा असा खर्च, ढोबळमानाने, रोखे काढणाऱ्या संस्थेच्या हेतुठरावाच्या (रोख्यांतून खर्च भागवायचा इरादा नोंदवणाऱ्या ठरावाच्या) फार तर ६० दिवस आधीचा चालतो. ठराव एका पानाचा असतो. तो लवकर करून घ्या.

कौन्सिल, शाळा, शेजारी

झोनिंग (कुठे काय बांधता येतं याचे सिटीचे नियम) बदलल्याशिवाय दुकानांच्या जागेवर घरं येत नाहीत, आणि ही मंजुरी बहुतेक वेळा राजकीय असते. काही राज्यांनी वाट सोपी केली आहे. कॅलिफोर्नियात २०२२ चा 'एबी २०११' (हा विधेयकाचा क्रमांक) हा कायदा जुलै २०२३ पासून लागू झाला. परवडणाऱ्या घरांचं प्रमाण, मजुरी आणि जागेच्या अटी पाळल्या तर व्यापारी पट्ट्यात घरांना सुनावणीशिवाय मंजुरी मिळते. फ्लोरिडाच्या २०२३ च्या लिव्ह लोकल कायद्याखाली ४० टक्के घरं ३० वर्षं परवडणारी ठेवली तर व्यापारी झोनमध्ये अपार्टमेंट अडवता येत नाहीत. तुमच्या राज्यात असं काही आहे का, हे पहिल्या आठवड्यात बघा.

सुनावणीत दोन प्रश्न येणारच: शाळेत किती मुलं वाढतील आणि रहदारी किती. शाळेचं उत्तर देशपातळीच्या सरासरीतून देऊ नका. तुमच्याच शाळाजिल्ह्याला विचारा की जवळच्या अपार्टमेंटांतून आज किती मुलं येतात. ते त्यांच्याकडे असतं आणि तो आकडा कुणी नाकारत नाही. रहदारीची तुलना आजच्या ओसाड सेंटरशी होते, ती तुम्हाला महागात पडते. सेंटर भरलेलं असताना किती गाड्या यायच्या तेही मांडा. चालू दुकानांपेक्षा तेवढ्या जागेवरची घरं सहसा कमी गाड्या आणतात.

शाळाजिल्ह्याच्या अधीक्षकांना सुनावणीच्या आधी भेटा. वाढीव करातला मोठा वाटा त्यांचाच असतो, तो २० वर्षं दुसरीकडे जातोय हे त्यांनी वर्तमानपत्रातून वाचायला नको. राज्याचं अनुदान सूत्र ती तूट भरून काढतं की नाही, हे जागोजागी वेगळं आहे.

गाळेधारकांचं काय

जुन्या सेंटरचं स्वस्त भाडं हाच कित्येक स्थलांतरितांच्या धंद्याचा पाया असतो. डबे देणारी बाई, साड्यांचं दुकान, शनिवारी मराठी शाळेला हॉल देणारा कराटे क्लास. नव्या इमारतीतलं चौरस फुटाला २२ डॉलर भाडं त्यांना झेपणारं नसतं, आणि 'तुम्हाला परत घेऊ' हे आश्वासन कागदावर नसेल तर त्याला किंमत नाही.

संघीय निधी आला तर युनिफॉर्म रिलोकेशन कायदा लागतो. ज्यांना हटावं लागतं त्या दुकानदारांना हलण्याचा आणि पुन्हा मांडामांड करण्याचा खर्च द्यावा लागतो, आणि सूचना ठरलेल्या वेळी लेखी द्यावी लागते. मालकांची नेहमीची चूक म्हणजे अर्ज करायच्या आधीच गाळे रिकामे करून घेणं. प्रकल्पासाठीच घालवलं असं दिसलं तर तो खर्च मागून चुकवावा लागतो. खर्चाच्या तक्त्यात या ओळीला पहिल्या दिवसापासून जागा द्या. संघीय पैसा नसला तरी टिफमधून थोडा हिस्सा स्थलांतरासाठी मागता येतो, आणि कौन्सिल तो आनंदाने देते.

टप्पे आणि करारनामा

सगळं एकदम पाडू नका. रस्त्यापासून लांबचं, कायम रिकामं राहणारं पार्किंग हा पहिला टप्पा. तिथे घरं उठेपर्यंत चालू गाळ्यांचं भाडं येत राहतं, बँकेला धीर येतो आणि किराणा दुकान एकही दिवस बंद न ठेवता नव्या जागेत जातं. अट एवढीच की पार्किंगच्या करारातून ती जमीन आधी मोकळी झाली पाहिजे. म्हणूनच सुरुवात कागदांपासून.

सिटीबरोबरच्या विकास करारात चार कलमांवर वेळ घाला. किमान करपात्र मूल्याची हमी: तुम्ही ६.४ कोटींच्या खाली मूल्यांकनाला आव्हान देणार नाही असं लिहून मागतात. तो आकडा ६ कोटींवर ठेवायचा प्रयत्न करा. मुदती: काम कधी सुरू, कधी पूर्ण, आणि व्याजदर चढले तर मुदतवाढ आपोआप की कौन्सिलच्या मर्जीने. लूक-बॅक: ठरलेल्यापेक्षा नफा जास्त झाला तर वरचा काही भाग सिटीला परत, हे कलम सिटी मागणारच, तेव्हा भांडण टक्क्यांवर करा, कलमावर नको. आणि विक्री: इमारत विकली तर टिफची नोट नव्या मालकाकडे जाते का. हे चौथं कलम विसरल्यामुळे पुढच्या खरेदीदाराने भाव पाडून मागितल्याचं मी बघितलं आहे.

काम पूर्ण झाल्यावर पहिल्या वर्षी काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात स्वतः जा. सगळ्या तुकड्यांची नोंद योग्य टिफ जिल्ह्यात झाली आहे का, गोठवलेलं मूळ मूल्य बरोबर चढलंय का, परवडणाऱ्या इमारतीला कमी दर लागला असेल तर तो हिशेबात धरला होता का, हे ओळीन्‌ओळ तपासा. वाढीव कर चुकून दुसऱ्या खात्यात गेला, तर तो परत मिळवायला पुढचं अख्खं करवर्ष जातं, आणि नोटचं घड्याळ तोवर थांबत नाही.